अभिमान, अस्मिता आणि अनुसरण

विषयप्रवेश

आपल्या मार्गाचा अभिमान धरावा किंवा न धरावा, असा प्रश्न उपदेशी व वासनिक मंडळींकडून अलीकडे वारंवार विचारला जातो. तो उद्भवण्यास कारणेही तशीच घडली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीनत्वाची चर्चा निघाली की म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या रिद्धपूर क्षेत्री मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. ज्या ग्रंथांना आमच्या पूर्वाचार्यांनी शतकानुशतके सांकेतिक लिपीच्या आवरणात जपले, ते ग्रंथ आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहेत. साहजिकच तरुणांच्या मनात उत्साह आहे. परंतु त्याच तरुणाला नोकरीच्या गावी कोणी कुत्सितपणे ‘मानभाव’ म्हटले, तर आपला मार्ग उघड सांगावा की मौन धरावे, हेही त्याला कळत नाही. एकीकडे सन्मान, दुसरीकडे उपहास. आणि दोहोंच्या मध्ये ‘मी महानुभाव आहे’ हे वाक्य कोणत्या भावाने उच्चारावे, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न व्यवहारातला दिसतो. पण त्याचे मूळ शास्त्रात आहे. म्हणून शास्त्राच्याच आधारे त्याचा विचार करू.

शब्दविचार

प्रथम शब्द तपासले पाहिजेत. आजच्या मराठीत ‘अस्मिता’ हा मोठ्या गौरवाचा शब्द झाला आहे. भाषेची अस्मिता, प्रांताची अस्मिता, समाजाची अस्मिता, असे प्रयोग आपण रोज ऐकतो. परंतु पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात जे पाच क्लेश सांगितले, त्यांत अविद्येच्या पाठोपाठ अस्मितेचीच गणना आहे. पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन्ही एकच आहेत असे वाटणे, हे तिचे स्वरूप. ‘अभिमान’ शब्दाचीही तीच कथा. सांख्यशास्त्रात अहंकाराचे लक्षण अभिमान या एका शब्दाने केले आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ, दर्प यांच्या पंक्तीला अभिमान बसविला असून तो आसुरी संपत्तीत मोडतो. आणि तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्वाला अग्रस्थान दिले आहे.

मग ‘देशाभिमान’, ‘भाषाभिमान’ हे शब्द सद्गुणवाचक कसे झाले? परकीय राजवटीत स्वत्व विसरू लागलेल्या समाजाला जागे करण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी हे शब्द त्या अर्थाने रूढ केले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली, ती याच वातावरणात. त्या काळाची ती गरज होती. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र शास्त्र वाचताना नव्या अर्थाचा शब्द जुन्या ग्रंथावर लादू नये आणि जुन्या अर्थाने नव्या माणसावर दोषही ठेवू नये. तरुण जेव्हा ‘मला माझ्या पंथाचा अभिमान आहे’ असे म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला ‘मला माझ्या पंथाची लाज वाटत नाही’ एवढेच म्हणावयाचे असते. लाज नसणे आणि अभिमान असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्यांचा भेद ध्यानात ठेवला तर पुढील विवेचन सुगम होईल.

पदार्थविचार

आपल्या शास्त्राप्रमाणे जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व परस्परभिन्न आहेत. देह, कुळ, ग्राम, देश, भाषा ही सर्व प्रपंचाकडील सामग्री होय. अनादि अविद्येने युक्त असलेला जीव या सामग्रीच्या ठायी ‘मी’ आणि ‘माझे’ अशी अहंता-ममता धरतो. पाटलाच्या घरी जन्मला की ‘मी पाटील’, पंडिताच्या घरी जन्मला की ‘मी पंडित’. जन्माच्या आधी यांपैकी काहीच त्याच्यापाशी नव्हते आणि देहपातानंतर यांपैकी काहीच त्याच्यासवे जाणार नाही. तरीही मधल्या काळात त्याच्यासाठी तो भांडतो, रुसतो, प्रसंगी जीव घेतो आणि देतो.

म्हणूनच सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी अनुसरणाऱ्याला स्वदेशाचा संबंध त्यागावयास सांगितला, स्वग्रामाचा संबंध त्यागावयास सांगितला आणि संबंधियांचा संबंध तर विशेषत्वाने त्यागावयास सांगितला. देशाच्या शेवटी, झाडातळी, जन्म घालवावा अशीही आज्ञा केली. येथे प्रश्न केवळ राहण्याच्या जागेचा नाही. आपल्या गावात मनुष्य ‘अमक्याचा पुत्र’ असतो. झाडातळी तो कोणाचाच कोणी नसतो. ओळखीचा आधार सुटला म्हणजे जीवाला परमेश्वराच्या आधाराची खरी गरज भासू लागते. भिक्षेचा आचारही असाच आहे. चारही वर्णांच्या घरी पात्र पसरणाऱ्याचा कुळाभिमान किती दिवस टिकेल? स्वामींच्या शिष्यपरिवारात ब्राह्मणकुळांतून आलेले पुष्कळ होते. त्यांना हा आचार किती अवघड गेला असेल, याची कल्पना आज येणार नाही.

पूर्वपक्ष : मग महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा कशासाठी?

येथे एक आशंका स्वाभाविकपणे उपस्थित होते. स्वदेशाचा संबंध त्याज्य असेल, तर त्याच स्वामींनी महाराष्ट्रात असावे, कानड व तेलंग देशी जाऊ नये, अशी आज्ञा का केली? ही तर उघड देशाभिमानाची शिकवण झाली. वक्तृत्वाच्या भरात अनेक जण या आज्ञेचा असा अर्थ करतातही.

सूत्राचा अर्थ करताना आज्ञेबरोबर तिचे कारणही पाहावे लागते. ते देश विषयबहुल आहेत आणि तेथे तापसांना मान मिळतो, असे कारण तेथे आहे. हे कारण नीट पाहिले तर त्यात त्या देशांची वा तेथील लोकांची निंदा मुळीच नाही. तापसाला मान देणे हा तर त्या लोकांचा गुण होय. भय आहे ते तापसाच्या मनाचे. मान मिळाला की तो रुचतो, रुचला की हवासा होतो, आणि हवासा झाला की साधक त्याच्यासाठी काही ना काही करू लागतो. विषयांमध्ये मान हा सर्वांत सूक्ष्म विषय आहे. अन्नाचा त्याग करणाऱ्यालाही तो सोडत नाही. उलट त्या त्यागाच्याच आडून तो प्रवेश करतो.

महाराष्ट्राविषयी आचारप्रकरणाच्या भाष्यकारांनी जे लिहिले आहे, तेही याच दिशेचे आहे. भाष्यकार महाराष्ट्राला महंत राष्ट्र म्हणतात हे खरे. पण त्याचे मोठेपण ते किल्ल्यांत, धनात किंवा राजवैभवात पाहत नाहीत. तेथे राहिल्याने धर्म सिद्धीस जातो, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सीमा सांगतानाही त्यांनी भाषेचा आधार घेतला आहे. फलटणापासून दक्षिणेकडे मराठी जेथवर चालते ते एक मंडळ, तेथून बालाघाटाच्या शेवटापर्यंत दुसरे, मग गंगेची दोन्ही तीरे, मेघंकर घाट, वऱ्हाड. भाषेत थोडाथोडा पालट असला तरी हे सर्व मिळून महाराष्ट्रच, असे ते म्हणतात. ज्या भूमीची बोली साधकाला कळते, जेथे अवतारांच्या क्रीडेची स्थाने आहेत, जेथे अल्प भिक्षेवर आणि अल्प मानावर आचार निभतो, ती भूमी त्याला हितकर.

यावरून दोन्ही आज्ञांचा विरोध मिटतो. ‘हा देश माझा’ या बुद्धीने राहणे त्याज्य आहे. ‘या देशात माझा धर्म सिद्धीस जातो’ या बुद्धीने राहणे विहित आहे. पहिल्या बुद्धीत ममता आहे, दुसरीत साधनाचा विवेक आहे. आणि स्वामींच्या अवताराकडे पाहिले तरी हेच दिसते. ते गुर्जर देशीच्या भडोचहून आले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त झाले आणि रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. मराठी ही त्यांची जन्मभूमीची बोली नव्हती. ज्या जीवांचा उद्धार करावयाचा त्यांची ती बोली होती, म्हणून त्यांनी ती स्वीकारली. मराठीचा ज्यांना अभिमान वाटतो, त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

भाषेचा विचार

भाषेसंबंधी आचार्य श्रीनागदेवांचे दोन प्रसंग स्मृतिस्थळात आले आहेत. विद्वान शिष्यांनी संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा आपल्याला स्वामींनी मराठीत निरूपण केले आहे, तेव्हा मराठीतच विचारा, असे भटोबासांनी त्यांना सांगितले. पुढे केशिराजबासांच्या मनात संस्कृतात ग्रंथरचना करण्याचे आले, तेव्हाही आचार्यांनी त्यांना परावृत्त केले.

हे प्रसंग व्याख्यानांतून ऐकविले जातात आणि ऐकविले पाहिजेत. पण ते सांगताना आचार्यांनी दिलेले कारण गाळले जाते. संस्कृत हीन आहे आणि मराठी श्रेष्ठ आहे, असे ते म्हणाले नाहीत. संस्कृतात लिहिल्याने मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे त्यांच्या अंतःकरणाला बोचले. त्या वृद्धांनी शब्दशास्त्र पढले नव्हते, पण घरदार सोडून त्या परमेश्वराच्या मागे निघाल्या होत्या. त्यांच्या वाट्याचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे, या करुणेतून मराठीचा आग्रह निघाला.

आता स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा. मराठी अभिजात झाली याचा आपण उत्सव केला. पण आपल्या मठातील अल्पशिक्षित तपस्विनीला सूत्रपाठाचा अर्थ तिला कळेल अशा मराठीत सांगण्यासाठी आपण किती वेळ देतो? उपदेशी घरांतील मुले दुसऱ्या माध्यमात शिकतात, त्यांना लीळेतील शब्द अडतात. त्यांच्यासाठी कोण बसतो? पंजाबात ‘जयकृष्णी’ या नावाने ओळखले जाणारे आपले उपदेशी पिढ्यान्‌पिढ्या मराठी शास्त्राचे अध्ययन करीत आले आहेत. त्यांच्या घरची बोली पंजाबी, आणि ब्रह्मविद्येची बोली मराठी. मराठी ही त्यांची जन्मजात ‘अस्मिता’ नव्हे. त्यांनी ती श्रमाने मिळविली आहे. ज्याला ती जन्मतः लाभली त्याने तिचा नुसता गर्व वाहावा आणि ज्याला ती लाभली नव्हती त्याने तिचे अध्ययन करावे, यात अधिक निष्ठा कोणाची, हे वेगळे सांगावयास नको.

नरेंद्रकवीचा नकार

अभिमान सर्वथा त्याज्य म्हटला, तर नरेंद्रकवीच्या प्रसंगाचा अर्थ कसा लावावा? ‘रुक्मिणीस्वयंवर’ ऐकून यादवराजा रामदेवराव प्रसन्न झाला आणि विपुल सुवर्ण देऊ करून त्याने ग्रंथावर आपले नाव घालावे असे सुचविले. कवीने नकार दिला. असे केल्याने कविकुळाला बोल लागेल, हे त्याचे कारण होते. राजाला दुखविण्याचे परिणाम काय होतील हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. मूळ ग्रंथ त्याच्या हाती पुरता राहिला नाही. सुमारे ९०० ओव्याच मागे उरल्या.

हा अभिमान नव्हे काय? बाह्यतः तसा दिसतो. परंतु या नकारात कवीला मिळाले काय, हे पाहावे. सुवर्ण गेले, राजाश्रय गेला, ग्रंथही अपुरा झाला. ज्यात स्वतःला काहीच मिळवावयाचे नाही आणि केवळ सोपविलेली वस्तू निष्कलंक राखावयाची आहे, त्या वृत्तीला अभिमान म्हणण्यापेक्षा निष्ठा म्हणावे. पुढे नरेंद्र आचार्यांना शरण आला आणि त्याने कवित्वाचा मोठेपणाही तेथेच ठेवला. कविकुळाची लाज राखणारा पुरुष कवी म्हणून मिरवण्यासाठी थांबला नाही. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तरच प्रसंग पुरा होतो.

म्हाइंभटांचे उदाहरण दुसऱ्या बाजूने तेच सांगते. ते विद्येच्या बळावर वाद करण्यास आले आणि शिष्य झाले. पुढे त्याच पंडिताने ज्याने ज्याने स्वामींची लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन ती विचारून घेतली. सांगणारा विद्वान आहे की अडाणी, हे पाहिले नाही. त्याने पाहिले आहे की नाही, एवढेच पाहिले. लीळाचरित्राचा आज जो गौरव होतो, तो पांडित्याचा अभिमान असा खाली ठेवल्यामुळे शक्य झाला. खालशाच्या धाडीत ग्रंथ हरपले, तेव्हाही ते घोषणांनी परत आले नाहीत. ज्यांनी ते मुखी धरले होते त्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे राहिले.

नामनिंदेचा प्रश्न

आता उपहासाकडे वळू. ‘महानुभाव’ या शब्दाचा ‘मानभाव’ असा अपभ्रंश झाला आणि मराठी भाषेत ‘मानभावी’ म्हणजे वरून नम्र, आतून कपटी, असा अर्थ रूढ झाला. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हणही प्रचलित झाली. अहिंसा आणि मृदू वाणी हे ज्यांचे व्रत, त्यांच्याच नावावर हा अर्थ बसावा, यात दुःख आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. शास्त्र सांकेतिक लिपींत राहिल्याने ते सुरक्षित राहिले, परंतु बाहेरच्यांना आमच्याविषयी खरे कळण्याचा मार्गही त्यामुळे अरुंद झाला, हेही मान्य केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपींची उकल बाहेरच्या अभ्यासकांना होऊ लागली आणि मग पुष्कळ गैरसमज मावळले.

तरुणाने अशा प्रसंगी काय करावे? आपला मार्ग लपवू नये. लपविणे म्हणजे निंदा खरी आहे असे मान्य करणे होय. कोणी विचारले तर ‘मी महानुभाव आहे, श्रीचक्रधर स्वामी आमचे परमेश्वर अवतार’ असे सरळ सांगावे. शब्दाचा खरा अर्थ आणि इतिहास शांतपणे सांगता यावा एवढा अभ्यास मात्र असावा. संतापाने प्रत्युत्तर देणाऱ्याला पुष्कळदा आपल्या मार्गाविषयी चार वाक्येही सांगता येत नाहीत. त्याचा संताप मार्गासाठी नसतो, दुखावलेल्या ‘मी’साठी असतो. आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. त्या म्हणीला खोटे ठरविण्याचा उपाय कोशातून शब्द काढून टाकणे हा नाही. ज्याची करणी आणि बोलणी एक आहे असा एक महानुभाव गावात राहिला, की त्या गावापुरती ती म्हण खोटी होते.

आशंका आणि समाधान

आशंका : अभिमान नसेल तर मार्ग टिकेल कसा? इतर समाज आपापल्या अस्मितेसाठी संघटित होतात. आम्हीच उदासीन राहिलो तर स्थाने जातील, ग्रंथ जातील.

समाधान : स्थाने राखावी, ग्रंथ राखावे, न्याय्य हक्क मागावे. हे वासनिक-उपदेशी मंडळींचे कर्तव्यच आहे. अवताराच्या संबंधाने पावन झालेल्या स्थानाच्या ओट्याला आपण दंडवत घालतो. तो पाषाण इतर पाषाणांसारखाच; परमेश्वराच्या संबंधाने तो वंद्य झाला. आपल्या पंथीयत्वाकडेही याच दृष्टीने पाहावे. ते वंदनीय आहे, पण आपल्यामुळे नव्हे. ओटा झिजू नये म्हणून आपण झटतो, पण ‘हा ओटा माझा’ म्हणून शेजाऱ्याशी भांडत नाही.

हीच गोष्ट आम्नायांना लागू आहे. दीक्षा घेताच साधक कुळाचे गोत्र सोडून अच्युतगोत्री होतो. कुळ सोडले, गोत्र सोडले, आणि मग ‘आमचा आम्नाय मोठा, तुमचा धाकटा’ असा वाद करीत बसला, तर त्याने काय सोडले? उपाध्ये, कवीश्वर, पारमांडल्य आदी आम्नाय ही ज्ञान पोहोचविण्याची परंपरा आहे. एकाच गंगेचे पाणी आणणाऱ्या पाटांनी आपसात कोणाचे पाणी गोड हे भांडू नये. आपल्या दृष्टांतपाठातील जात्यंधांनी हत्तीचे एकेक अंग चाचपले आणि तेच पूर्ण मानून वाद केला. त्यांनी हाताने स्पर्शिलेले खोटे नव्हते. आपल्या हातात आले तेवढाच हत्ती, हा आग्रह खोटा होता.

फलितार्थ

आजच्या परिस्थितीत वरील देशाज्ञेचा एक अर्थ विशेष गंभीरपणे ध्यानी घ्यावा लागतो. ज्या देशांत तापसाला मान मिळतो तेथे जाऊ नये, असे स्वामींनी सांगितले. त्या काळी महाराष्ट्रात आमच्या साधकांना मान नव्हता; उपेक्षा होती, प्रसंगी छळही होता. आज त्याच महाराष्ट्रात व्यासपीठे आहेत, शाली आहेत, पुष्पहार आहेत, सत्कार आहेत. समाजाने दिलेला मान नाकारून त्याला दुखवावे असे नव्हे. तो समाजाचा गुण आहे, जसा तो पूर्वी इतर देशांच्या लोकांचा होता. पण ज्या भयास्तव दूरदेशी जाणे निषिद्ध केले, ते भय आता आपल्या दारी चालत आले आहे. आता जाऊ नये म्हणण्यास दुसरा देश उरला नाही. निवृत्ती मनातच करावी लागेल.

त्यासाठी साधकाने व उपदेशीने एक साधी परीक्षा ठेवावी. ‘मी महानुभाव आहे’ असे म्हटल्यावर मनात जे उमटते ते तपासावे. ‘म्हणून मला मान मिळावा’ असे उमटले तर तो अभिमान. त्याचा त्याग करावा. ‘म्हणून मला असत्य बोलता येणार नाही, हिंसा करता येणार नाही, नामस्मरण चुकविता येणार नाही, वृद्धांना शास्त्र समजावून दिल्यावाचून राहता येणार नाही’ असे उमटले तर ती निष्ठा, ती वाढवावी. मार्गाने आपल्याला नाव दिले आहे. त्या नावाला उणेपणा येणार नाही असे वागणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेच अनुसरण होय.

इत्यलम्। दंडवत प्रणाम.